चादरीखालचा सोफा

बारामतीला आमच्या शेजारच्या वहिनींनी इंदापूरच्या बाजारातून पडद्याचं स्वस्त कापड आणलं आणि जुन्या सोफ्याला झकास खोळी शिवल्या. मग त्या मळू नयेत म्हणून वर जुनी चादर घातली. कोणी आलं की कौतुकानं चादरीचं टोक उचलून कापड दाखवायच्या आणि लगेच पुन्हा खोचायच्या. नवऱ्याचे साहेब आले, तेही चादरीवरच बसले.

एकदा निरवांगीहून वहिनींचे मेंढरं राखणारे वडील आले. "धोतर मळलंय माझं," म्हणत फरशीवरच टेकले.

वहिनींनी सर्रकन चादर ओढली. "मळलं तर धुईन की! वर बसा, आबा."

पुढच्या रविवारी मीही मुद्दाम फरशीवर बसलो.

वहिनी म्हणाल्या, "बसा तितंच, भावजी. गार हाय फरशी."