लॉनवरचे पिवळे पट्टे

आमचे हे म्हणजे एक नंबरचे हेकट. गवत कापायच्या मशीनचं पातं बोथट झालंय असं मी म्हणायचं, यांनी "गवतच ओलं आहे" म्हणायचं, आणि अर्ध्या तासाने गुपचूप पातं काढून घासत बसायचं. सत्तावीस वर्षं लोकांच्या घरांपुढची लॉन राखतोय आम्ही. मशीन, खत, फवारणी यांच्याकडे. फुलांचे वाफे आणि कडा माझ्याकडे. एवढ्या वर्षांत "माझं चुकलं" असं यांच्या तोंडून मी ऐकलं असेल तर शपथ!

पण कामात माणूस चोख. घरमालक कितीही म्हणोत, "अगदी बारीक कापा हो, म्हणजे महिनाभर बघायला नको," हे वरचा तिसरा हिस्साच काढणार. आणि फवारणीचे पंप दोन. लाल चिंधी बांधलेला तणनाशकाचा, बिनचिंधीचा पातळ खताचा. फरशीच्या फटींतलं गवत मारायला आणलेलं ते औषध. लॉन कुठली आणि तण कुठलं, हे त्याला कळत नाही. म्हणून एका पंपाचं काम दुसऱ्याने करायचं नाही, हा यांचाच कायदा.

तो यांनीच मोडला. कोपऱ्यावरच्या घरी खत मारायचं होतं आणि खताच्या पंपाचा दांडा ऐनवेळी तुटला. "लाल चिंधीवाला धुऊन घेतो," हे म्हणाले. मी म्हटलं, "अहो, उद्या मारू. काही आभाळ कोसळत नाहीये." "तू तुझे वाफे बघ," म्हणाले. पंपात एकदा पाणी घालून खळखळवलं, ओतून दिलं, खत भरलं आणि लॉनभर फवारून मोकळे झाले.

हे कोपऱ्यावरचं घर आमच्यासाठी मोठं. त्या गल्लीतली बाकी सहा घरं या घरच्यांच्याच शब्दावर मिळालेली. घरात साहेब आणि ताई, दोघंही नोकरीवाले, आणि साहेबांचे वडील. आजोबा पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे. आता जरा विसरायला लागले होते. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायचे, आणि सापडला की स्वतःच खो खो हसायचे. आम्ही गेलो की पायरीवर खुर्ची टाकून यांची फिरकी घ्यायला तयार. "माळीबुवा, केस कुठे कापून घेतलेत? का स्वतःवरच मशीन फिरवलंत?" यावर आमचे हे चक्क हसायचे. माझ्या विनोदाला कधी हसले नाहीत मेले, पण तिथे हसायचे.

दहा दिवसांनी गेलो तर लॉनवर पिवळे पट्टे. दोन-दोन हात रुंद, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अगदी सरळ, मध्ये बारीकशी हिरवी रेघ, की पुन्हा पट्टा. पाठीवर पंप घेऊन माणूस येरझाऱ्या घालतो तेव्हाच असे पट्टे उठतात, दुसऱ्या कशाने नाही. मी यांच्याकडे बघितलं. यांनी नजर चुकवली.

तेवढ्यात ताई दारात आल्या. "बघितलंत ना? बाबांचे प्रताप. फरशी पुसून झाली की फिनेलची बादली लॉनवर ओततात. मागेही एकदा ओतली होती."

आजोबा पायरीवर नव्हते, आत खिडकीशी बसले होते. मी जवळ जाऊन विचारलं, "आजोबा, आज बाहेर नाही आलात?"

"बंदी आहे," ते म्हणाले. "मी ओतलं म्हणतात. मला तर काही आठवत नाही गं. पण आठवत नाही म्हणजे केलं नाही, असं कुठे आहे आता? असेन ओतलं."

निघताना ताई हळूच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी त्यांना वृद्धाश्रमात सोडतोय. परवा गॅस उघडा राहिला, आता हे. आम्ही दिवसभर बाहेर असतो. जीव टांगणीला लागतो हो." बाई वाईट नव्हती, दमली होती.

हे गप्प राहिले. यांना नावं ठेवायला मी पुढे, पण खरं सांगते, माझ्याही तोंडाला कुलूपच होतं. सहा घरं डोळ्यांपुढे नाचत होती.

घरी आल्यावर हे म्हणाले, "मेलेलं काढून नवं गवत लावू. महिन्याभरात भरून येईल."

"गवत येईल," मी म्हटलं. "पण आजोबांवर आपण आळ येऊ दिला त्याचं काय?"

यांनी ताट सरकवलं. त्यानंतर आठवडाभर आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं.

रविवारी सकाळी हे मला म्हणाले, "चल." पाठीवर लाल चिंधीचा पंप. गेलो तर आजोबांची बॅग भरून दारात ठेवलेली, साहेब गाडी काढत होते. यांनी पंप पायरीवर ठेवला.

"साहेब, हे आजोबांनी केलेलं नाही. विषाचा पंप मी नीट धुतला नाही आणि त्यातूनच खत मारलं. चूक माझी आहे."

साहेब लालबुंद झाले. "आणि आठ दिवस गप्प बसलात?"

"बसलो. कामं जातील म्हणून घाबरलो."

"मग उद्यापासून येऊच नका."

"बरं," हे म्हणाले.

आजोबा पुढे आले. "माळीबुवा, परत सांगा."

यांनी परत सांगितलं. म्हणाले, "हे पट्टे बघा ना, सरळ आहेत. बादली ओतली असती तर एका जागी डबकं पडलं असतं."

आजोबा चपला घालून लॉनवर उतरले. एका पट्ट्यावरून खाली बघत पार भिंतीपर्यंत गेले आणि तसेच परत आले. डोळे भरले होते. "सरळ आहे," म्हणाले. "मी नाही ओतलं."

मला वाटलं, सुटलो! मी घाईघाईने म्हटलं, "ताई, मग आता ती बॅग आत..."

ताईंनी मान खाली घातली. "बाबा, फक्त लॉनमुळे नव्हतं हो ते."

"माहीत आहे मला," आजोबा म्हणाले. "गॅस मीच उघडा ठेवला होता, ते पक्कं आठवतंय. जाणार आहे मी." मग यांचा हात धरून म्हणाले, "पण आठ दिवस मी रात्रंदिवस स्वतःला विचारतोय, ओतलं का, ओतलं का. माझा माझ्यावर जेवढा भरवसा उरलाय, तेवढा तरी आता बरोबर नेतो."

त्यांनी बॅग स्वतःच उचलली. मला रडू आवरेना. त्या माणसाजवळ तेवढंच उरलं होतं, आणि आम्ही ते आठ दिवस दाबून ठेवलं होतं.