निळा डबा

आमच्या शेजारच्या भाऊजींच्या हातून रिकामं भांडं परत गेल्याचा दाखला आमच्या अख्ख्या ब्लॅकटाउन उपनगरात सापडायचा नाही. वाटीभर साखर नेली की वाटीतून लोणचं परत येणार, हे एक वेळ ठीक. आपल्याकडे रीतच आहे तशी. पण या माणसाने आमची शिडी परत केली तीही वरच्या पायरीला कढीपत्ता बांधून! कोपऱ्यावरच्या गोऱ्या आजोबांचं लॉनमोअर नेलं, तर परत जाताना त्याच्या गवताच्या पिशवीत दोन किलो लिंबं. आजोबा "नो वरीज, मेट" म्हणाले, आणि आता गवत वाढायच्या आतच ते मोअर आपणहून यांच्या दारात आणून लावतात.

दोन वर्षांपूर्वी भाऊजी आणि वहिनी आयर्लंडला गेले. हौस वहिनींची. तिथल्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या एका बेटाचं चित्र त्यांनी सहा वर्षं फ्रिजवर लावून ठेवलं होतं. बोटीत बसून त्या बेटावर जायचं, एवढंच बाईचं मागणं. डब्लिनचे चार दिवस झकास गेले म्हणे. नदीवरचे पूल पाहून झाले, मनसोक्त भिजून झालं. फक्त हॉटेलातले चहाचे कप रिकामे कसे ठेवायचे, म्हणून भाऊजी रोज ते विसळून शंकरपाळ्यांनी भरून ठेवायचे. खोली आवरणारी पोरगी इतकी खूश झाली की निघायच्या दिवशी बाथरूममध्ये चौदा टॉवेल होते.

मग भाड्याच्या गाडीने किनारा. दगडी कुंपणं, मेंढ्या आणि वारा. एका आजीबाईंच्या घरी मुक्काम होता. वाऱ्यामुळे तीन दिवस बोट बंद. चौथ्या दिवशी उघडीप मिळाली, अकराची बोट पक्की झाली. आजीबाईंनी वाटेत खायला पत्र्याच्या निळ्या डब्यात ब्रेड भरून दिला आणि डबा तुम्हीच ठेवा म्हणाल्या. अर्ध्या वाटेत ब्रेड संपला, आणि भाऊजींनी करकचून ब्रेक मारला.

"अगं, डबा रिकामा झाला."

"अहो, त्या ठेवा म्हणाल्यात ना!"

"त्या म्हणणारच. म्हणून काय आपण डबा घेऊन पळायचं?"

"मग आधी बोट, मग डबा."

"बोटीनंतर आपण पार उलट्या दिशेला जाणार. मग कुठलं येणं होतंय?"

गाडी वळली. पिशवीच्या तळाशी उरलेल्या चकल्या डब्यात भरून भाऊजींनी तो आजीबाईंच्या हातात ठेवला. त्यांनी एक चकली कडकन मोडली, म्हणाल्या, "माझी आईसुद्धा रिकामं भांडं कधी पाठवत नसे," आणि आत जाऊन तोच डबा फ्रूटकेकने भरून आणला. झालं! बोट गेली, आणि डबा पुन्हा वहिनींच्या मांडीवर. "हे एक कमी होते, म्हणून तीही तसलीच भेटली!" सांगताना वहिनी अजून दातओठ खातात.

तेव्हापासून डबा पोस्टाने फिरू लागला. इकडून चकल्या, तिकडून केक, आणि केकवर आजीबाईंची चिठ्ठी: 'बोट अजून जाते. कधी येताय?' भाऊजी दर वेळी म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." आणि वहिनी बजावायच्या, "गेलो तर आधी बोट, मग डबा. सांगून ठेवते."

गेल्या शनिवारी दुपारी मी त्यांची वाटी परत द्यायला गेले. भरूनच नेली होती. रिकामी न्यायची हिंमत आता मलाही होत नाही. टेबलावर निळा डबा उघडा पडला होता. पोस्टाने पहिल्यांदाच रिकामा आलेला. शेजारी आजीबाईंच्या लेकीची चिठ्ठी होती. आई इस्टरनंतर गेली, डबा तुमच्याकडे पोचवायला सांगून गेली, एवढंच तिने लिहिलं होतं.

भाऊजी नुसते त्या डब्याकडे बघत बसले होते. "जायला हवं होतं गं," ते म्हणाले. "इतकी बोलावत होती."

आत वहिनी चकलीचं पीठ मळत होत्या. हात पिठात तसेच ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, तिकिटं काढा. या वेळी आधी डबा. तिच्या लेकीच्या हातात देऊ. बोटीचं मग बघू."