तिघांचा चौथा

गजेंद्र बोंडेनं अकोल्याला एक बायको लपवून ठेवली आहे, असं अमरावतीच्या आमच्या गल्लीत बरेच दिवस बोललं जात होतं. पुरावाही भक्कम होता. चाळिशी ओलांडलेला एकटा माणूस, आणि रविवार उजाडला की इस्त्रीचा शर्ट, चोपडून बसवलेले केस, कानात अत्तराचा फाया, आणि सकाळीच बडनेरा स्टेशनकडे जाणारा ऑटो. ही बातमी मी उठवली नाही. माझ्यापर्यंत आली तेव्हा ती अगदीच उघडी होती, मी तिला जरा कपडे घातले. म्हणजे बायको नर्स आहे आणि स्वभावानं कडक आहे, एवढंच माझं.

खरी गोष्ट निघाली ती वेगळीच. गजेंद्र रविवारी स्वतःच्या बायकोकडे जात नव्हता, दुसऱ्यांच्या व्हायच्या बायका पाहायला जात होता.

आमच्याकडे तिघं मिळून चांगल्या कामाला निघत नाहीत. पोरगी पाहायला तर नाहीच. नवरदेव, बाप आणि मामा असे तिघे झाले की चौथा शोधावा लागतो. नाहीच सापडला तर रस्त्यावरचा एक खडा उचलून खिशात टाकतात आणि त्यालाच माणूस धरतात. पण खड्याचं एक आहे, तो पोहे खात नाही आणि पोरीकडच्यांना दिसत नाही. म्हणून खड्यापेक्षा गजेंद्र बरा. रविवारी मोकळा, कपडे धुतलेले, खाणं बेताचं, बोलणं जवळजवळ नाहीच. शिवाय चेहरा असा की पोरगी चुकून यालाच पसंत करील ही भीती नाही. हे शेवटचं कलम मी जोडलेलं आहे, पण त्यावर कोणी हरकत घेतली नाही. गल्लीत त्याचं नावच चौथा पडलं. “चौथ्या, रविवारी परतवाड्याले जाचं आहे बरं.” असं म्हटलं की हा निघाला.

बाकीचे सहा दिवस तो यासीनभाईच्या दुकानात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायचा, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायचा. उन्हाळ्यात विहिरी खोल गेल्या की मोटारी जास्त जळतात, तेव्हा दुकानात तांब्याच्या तारेचा नुसता ढीग. मी संध्याकाळी तिथं चहाला जायचो. समोरच धम्मदीप खोब्रागडे राहतो, पंचायत समितीत कारकून. त्याला या चौथ्याच्या प्रकाराचं फार हसू यायचं.

“तीन काऊन वाईट रे?” तो गजेंद्रला विचारायचा. “आमच्यात पाह्य. बुद्ध, धम्म, संघ. शरण जातो तेही तीन डाव म्हनून. माह्यासाठी पोरगी पाहाले आमी तिघंच गेलो होतो. बायको अजून घरात आहे.”

“आहे, पन तुह्याशी बोलते काय?” मी विचारलं.

यासीनभाई हातातली तार न सोडता म्हणाला, “हमारे यहाँ तो ताक अच्छा. खजूर भी एक खाओ, तीन खाओ. जोडी में नहीं.” ताक म्हणजे विषम. आणि याच माणसानं स्कूटरला सातशे शहाऐंशी हा सम नंबर मिळावा म्हणून आरटीओच्या इतक्या चकरा मारल्या की तोवर स्कूटर जुनी झाली.

मग एकेकाची भर पडायची. आपल्याकडे तेरावा म्हटलं की कोणीतरी गेलेलं असतं. बडनेऱ्याच्या ढाब्यावरचे सरदारजी मात्र तेरा म्हटलं की हात जोडतात. त्यांचे गुरू धान्य मोजता मोजता तेरावर आले आणि पुढे मोजेनातच, ‘तेरा, तेरा’, म्हणजे सगळं तुझंच, असं देवाला म्हणत राहिले, म्हणून. माझी धाकटी मुलगी करिश्मा कॉलेजातून ऐकून आली की चीनमध्ये चार हा आकडा मरणाचा मानतात, काही इमारतींत चौथा मजलाच नसतो, तिसऱ्यावरून थेट पाचवा.

“काका, तुमी तिकडं नोका जाऊ,” ती गजेंद्रला म्हणाली.

“इकडं तरी कोन बसवून राहिलं, माय,” तो म्हणाला.

गजेंद्र या चर्चेत फारसा नसायचा. एकदाच त्यानं मला बाजूला घेऊन एक आकडा विचारला. अधिक महिना होता. माझ्या घरी जावई यायचे होते आणि बायको अनारशांच्या पिठाशी भांडत बसली होती. जावयाला तेहतीस अनारसे द्यायची रीत आहे.

“भाऊ, तेहतीसच काऊन?” त्यानं विचारलं. “एखादा कमी झाला तं जवाई घेत नाही काय?”

“तुले काय करा लागते रे? तुही सासुरवाडी कुठं आहे?”

“नाही, असंच.”

त्या ‘असंच’मध्ये काय होतं ते न कळायला मी काही आंधळा नव्हतो. आमच्या घरी त्याच महिन्यात जोडपी जेवायला बसतात. नवरा आणि बायको मिळून एक पान मोजतात. गजेंद्र तिघांत चौथा चालायचा, तिरडीला चौथा खांदा म्हणून चालायचा, पण त्या जेवणात त्याला जागा नव्हती. दोनात मोजलं जावं, एवढंच त्याला हवं होतं. बापाचं आजारपण निस्तरता निस्तरता आणि बहिणीचं लग्न करता करता वय निघून गेलं, आणि मोटारी भरणाऱ्याला पोरगी द्यायला कोणी तयार नव्हतं.

मागच्या फेब्रुवारीत मात्र एक स्थळ चालून आलं. अकोल्याच्या पुढे बार्शीटाकळी. मुलगी दीपमाला, पस्तिशीची. नवरा अपघातात गेलेला, मूलबाळ नाही, काका पंजाबरावांकडे राहते, शिवणकाम करते. तिला सरकारी नोकरीवाला नको होता, पुण्यातला फ्लॅट नको होता. एकच अट होती, माणूस दारू पिणारा नसावा. गजेंद्रनं आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. आता याला नाही म्हणायला त्यांना कारण तरी काय सापडेल, असं मीसुद्धा म्हणालो, आणि माझ्या तोंडून चांगलं काही निघालं की गल्ली घाबरते.

शनिवारी तो माझ्या दारात आला. “भाऊ, उद्या मोकळे आहे काय?”

“कोनासाठी पाहाले जाचं आहे?”

“माह्यासाठी.” आणि मग खाली पाहून, “बाई आहे, भाऊजी आहे, मी आहे. तिघं होते.”

बाई म्हणजे त्याची मोठी बहीण मैनाबाई, आणि भाऊजी म्हणजे तिचे यजमान नत्थुजी. अशा रीतीनं मी चौथ्याचा चौथा झालो. नवा पांढरा शर्ट घातला. बायको म्हणाली, पोरगी तुम्हाले नाही दाखवत.

अकोल्याला गाडीतून उतरलो, तिथून ऑटो केला. बार्शीटाकळीत एका तेलघाण्याच्या कोपऱ्यावर ऑटो वळला आणि गजेंद्रनं माझं मनगट धरलं.

“मी इथं आलेलो आहो,” तो हळूच म्हणाला.

“कवा?”

“दोन डाव. दोन येगयेगळ्या पोरांसंग. याच घरी.”

“मंग आता सांगून राहिला?”

“काकाचं नाव कुठं मालूम होतं मले? चौथ्याले कोन सांगते?” मग स्वतःलाच समजावल्यासारखं, “चौथ्याचं तोंडही कोनी ध्यानात ठेवत नाही.”

अंगणात सतरंजी टाकलेली. पंजाबराव भला माणूस, हातात हात घेऊन बसवलं. सगळं छान चाललं होतं. मग त्यांच्या बायको मनकर्णाबाई पाण्याचे पेले घेऊन आल्या. गजेंद्रला पेला दिला, पुढं सरकल्या, थांबल्या, परत आल्या.

“तुमी आधी आलते न?”

गजेंद्रनं पेला खाली ठेवला. “हो.”

“आमच्या थोरलीच्या, आरतीच्या वक्ती आलते. ते साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मोडलं. मंग दामिनीच्या वक्ती आलते. ते झालं.” हे ‘झालं’ त्यांनी असं म्हटलं की न झालेलंच बरं वाटावं. मग बोटं मोजली आणि नवऱ्याकडे वळल्या. “अहो, हे तिसरी डाव.”

झालं! माणसं आम्ही चार मोजून आणली होती. खेपा मोजायच्या राहिल्या होत्या. मैनाबाईचा चेहरा उतरला. माझ्या तोंडाशी दोन-तीन विनोद आले होते, ते मी पोह्यांची वाट पाहत गिळले.

पण पंजाबरावांना स्थळ सोडायचं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला आणि तोडगा काढला. “जवाईबापू, एक करा. फाटकाच्या भायेर जा, जरासे थांबा, अन पुन्हा आत या. म्हनजे चौथी डाव होते.”

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. जवाईबापू हा शब्द गजेंद्रला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी म्हटला होता, त्यामुळं त्याला त्या वेळी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी त्यानं मारली असती. तो उठला, चपला घातल्या, निघाला. आतल्या दारात दीपमाला पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. हे सगळं पाहून तिला हसू फुटलं. तोंड दाबून हसली, पण हसली. गजेंद्रनं मागं वळून पाहिलं आणि तोही हसला. मी त्याला इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जमलं.

फाटकाजवळ तारेवर एक बाई कपडे वाळत घालत होती. पाहुणे आल्यावर समोर यायचं नाही, असं तिला सांगितलेलं असावं, म्हणून ती तिकडं होती. ती दामिनी. पंजाबरावांची धाकटी मुलगी, लग्न होऊन वर्षाच्या आत माहेरी परत आलेली. गजेंद्र बसून राहिला असता तर ती आमच्या समोर आलीच नसती.

“तुमी त्याच्यासंग आलते न?” तिनं विचारलं.

“हो.”

“तो तवाच पेत होता. तुमाले मालूम होतं?”

अंगण केवढंसं. आम्हाला शब्द न शब्द ऐकू येत होता. नत्थुजी मोठ्यानं खाकरले, तो इशारा होता. मैनाबाईनं पदर तोंडाशी धरला. गजेंद्रनं नुसती मान हलवायची होती. आडवी.

“होतं,” तो म्हणाला. “येता येता अकोल्याच्या स्टँडवर उतरून गेलता. परत आला तं विलायची चावत होता.”

“मंग सांगतलं काऊन नाही?”

“मले बोलाले नवतं नेलं, बाई. मोजाले नेलं होतं.”

दामिनीनं हातातला ओला टॉवेल पिळला, पुन्हा पिळला, पाणी संपलं होतं तरी पिळत राहिली. मग तो तारेवर टाकला आणि घराच्या मागच्या बाजूनं निघून गेली.

गजेंद्र फाटकातून आत आला. ठरल्याप्रमाणं चौथी खेप झाली, हिशेब बरोबर होता, पण कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी आतल्या दाराकडे पाहिलं. ट्रे नव्हता आणि दीपमालाही नव्हती. मनकर्णाबाईंनी आमचे पेले उचलले, त्यातला एक भरलेला होता तोही.

“कळवतो,” पंजाबराव म्हणाले. त्यांनी काय कळवायचं आहे ते आम्हाला तिथंच कळलं होतं.

परतीच्या गाडीत मैनाबाई बडनेऱ्यापर्यंत बोलायची थांबली नाही. “दोन शब्द होते. नवतं मालूम. हे दोन शब्द तुह्या तोंडात मावले नाही? तिची अट काय होती, अन तू काय बोलून बसला? पेनाऱ्याले झाकनारा मानूस तिले कसा चालन?” गजेंद्र खिडकीतून बाहेर पाहत होता. बाहेर उभी तूर होती आणि कपाशीची वाळलेली पऱ्हाटी होती, पाहण्यासारखं काही नव्हतं.

ही गोष्ट अमरावतीला आमच्या आधी पोचली. कशी, ते मला विचारू नका, मी त्या गाडीतच होतो. चौथा आता बोलतो, विचारलं तर खरं सांगतो, अशी त्याची ख्याती झाली. तेव्हापासून त्याला कोणी बोलावलं नाही. आमच्या गल्लीतला स्वप्निल मागच्या महिन्यात चांदूर रेल्वेला पोरगी पाहायला गेला, तो बाप, मामा आणि एक खडा घेऊन. जमलं त्यांचं. यासीनभाई म्हणाला, “अच्छा हुआ, इतवार की छुट्टी मिली तेरे को.” त्यावर धम्मदीपसुद्धा हसला नाही.

दीपमालाचंही जमलं, मूर्तिजापूरकडे, असं माझ्या कानावर आलं आहे. ही बातमी मी गजेंद्रला दिलेली नाही. माझ्या पोटात राहिलेली ती पहिलीच बातमी असावी, आणि ती तिथं काही सुखानं राहत नाही.

परवा रविवारी तो आपल्या पायरीवर बनियानवर बसला होता. रस्त्यानं कोण जातं ते पाहत होता, म्हणजे माझंच काम करत होता. मी शेजारी जाऊन बसलो. थट्टा करायला गेलो होतो, पण सुचेना. मग ज्याला काही सुचत नाही तो माणूस जे बोलतो तेच बोललो. म्हटलं, “गजू, काही म्हन, तू त्या पोरीपाशी खरं बोलला. त्याचं पुण्य तुले लागन.”

तो म्हणाला, “भाऊ, संध्याकाळी मी घरी येतो तं कुलूप मलेच काढा लागते. तुमचं ते पुण्य आतून कडी काढाले येते काय?”