धोक्याच्या कमानीखालची खुर्ची

यमुनाक्का चार वाजताची कॉफी सरकारी नोटिशीखाली बसून प्यायच्या. नजरबादेतल्या आमच्या जुन्या बाजाराच्या कमानीवर ‘इमारत धोकादायक, आत जाऊ नये’ असा कागद चिकटला, त्याच संध्याकाळी त्यांनी घरची वेताची खुर्ची आणून बरोबर त्याखाली मांडली. मी शेजारीण; माझा पेला घेऊन रस्त्यावरच उभी राहायचे. “तुझं डोकं जास्त किमतीचं काय गं?” त्या विचारायच्या.

त्यांचे पणजोबा रंगारी. संस्थानच्या काळात बाजार उभा राहिला तेव्हा त्यांना तिथं गाळा मिळाला. अक्कांनी मात्र शाळेत इतिहास शिकवला. बाजार पाडून वाहनतळ करायचं ठरलं, गाळेवाले भरपाईच्या गोष्टी करू लागले आणि अक्का एकट्या हायकोर्टात गेल्या. बंगळूरच्या गाडीत सोबतीला मी. “सरकार आपलंच की. म्हणून तर कान धरायचा,” त्या म्हणायच्या. “सुम्ने, नुसतं घरात बसून काय होतंय?”

पाहणीला अधिकारी आले ते भर उन्हात. घामाघूम होऊन सगळे कमानीच्या सावलीत सरकले. अक्कांनी आजूबाजूच्या दुकानांतून खुर्च्या मागवल्या. “बन्नि सार, बसा. स्वल्प मज्जिगे घ्या,” असं आमच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणत ताकाचे पेले हातात दिले आणि मला हळूच म्हणाल्या, “फोटो काढ.” त्या सावलीत ऐसपैस बसून साहेबांनी लिहिलं, कमान कोणत्याही क्षणी कोसळेल.

कोर्टात आमच्या वकिलांनी अहवालाशेजारी तो फोटो ठेवला. न्यायमूर्ती हसले नाहीत, पण पाडकामाला स्थगिती मिळाली. बाहेर आल्यावर अक्का म्हणाल्या, “मज्जिगे महाग पडली बघ त्यांना.”

गेल्या श्रावणात अक्का गेल्या. त्यांचे दिवस होतात न होतात तोच सरकारी वकिलांनी कोर्टात सांगितलं, याचिकाकर्त्याच हयात नाहीत, आता प्रकरण निकाली काढावं. माझं रडू तिथंच आटलं. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. आमचे वकील म्हणाले, “कोणीतरी त्यांच्या जागी उभं राहायला हवं.” मी कागद मागून घेतला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता कॉफी घेऊन बाजारात गेले. खुर्ची होती तिथंच होती. तिच्यावरची धूळ पदरानं पुसली आणि बसले. वर बघितलं नाही.