अलालानच्या झाडाखाली

अनुभव वगैरे लिहिणारा माणूस मी नव्हे. आमच्या घरात चमत्काराला कधी थाराच नव्हता. वडील म्हणायचे, आपण बदललो ते विचाराने, अंगाऱ्या-धुपाऱ्याने नाही. मी मस्कतच्या कडेला माबेल्यात राहतो, मोठ्या इमारतींच्या एसीची कामं बघतो आणि पटेल तेवढंच मानतो. त्यामुळे हे लिहिताना थोडा संकोच वाटतो. तरी लिहितो, कारण त्या दिवशी जे झालं ते माझ्या हुशारीने झालं नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

वडील गेले तेव्हा मी साइटवर होतो. आईचा फोन आला. मी पहिलाच प्रश्न विचारला, "घरी कोणी नव्हतं?" ती म्हणाली, पौर्णिमा होती, मी विहारात होती. आणि मी, म्हणजे इतका शिकलेला, समजूतदार म्हणवणारा माणूस, बोलून गेलो, "तुझ्या वंदनेपायी बाबा गेले." दुसऱ्या दिवशी मी पोचलो, सगळे विधी झाले, लोक जेवून गेले, मी परत आलो. त्या वाक्याबद्दल ना तिने विषय काढला, ना मी.

सहा महिन्यांनी तिला व्हिजिट व्हिसावर इकडे आणलं. आल्यावर लक्षात आलं, ती वंदनेला बसत नाही. अमरावतीकडच्या आमच्या गावात अख्ख्या विहारातल्या बाया तिच्या मागे त्रिशरण म्हणायच्या, असा तिचा आवाज. इथे बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती माझी बायको लावायची आणि आई स्वयंपाकघरात भांडी पुसत उभी राहायची. "गुडघे दुखतात" म्हणायची. माझी मुलगी तिच्या अडखळत्या मराठीत विचारायची, "आजी, तू सॅड आहेस का?" आई हसायची आणि तिला पोळीचा लाडू करून द्यायची. मला सगळं कळत होतं. दहा मजली इमारतीत हवा कुठे अडली ते मी नकाशा बघून सांगतो, पण माझ्याच घरात काय अडलंय ते माहीत असूनही तोंड उघडत नव्हतं. दोन महिने रोज ठरवायचो, आज बोलू. रोज ऑफिसमधून यायला उशीर व्हायचा, किंवा मीच करायचो.

तिच्या परतीच्या आधीचा शेवटचा शुक्रवार आला. मुलीची परीक्षा होती म्हणून बायको घरी थांबली. ऑफिसातल्या एकाने डोंगरावरच्या एका छोट्या राखीव रानाबद्दल सांगितलं होतं. जुनिपरची फार जुनी झाडं, काही तर हजार वर्षांची असतील म्हणतात. इथले लोक त्या झाडाला अलालान म्हणतात. आईला झाडांची आवड, म्हणून तिकडे निघालो. खरं सांगायचं तर गाडीत तीन तास शेजारी बसल्यावर तरी बोलणं निघेल, असा माझा हिशोब होता. निघालं नाही. रस्ताभर मी तिला कुठला पूल कोणत्या कंपनीने बांधला ते सांगत बसलो.

वर हवा गार होती. झाडं तशी देखणी नव्हती. पिळवटलेले बुंधे, अर्धी फांदी वाळलेली, अर्धी हिरवी, सालीचे पट्टे सुटून लोंबणारे. माणसांची गर्दी नाही, नुसता वारा. आई एका झाडाच्या बुंध्याला हात लावून बराच वेळ उभी राहिली. मी फोनला रेंज आहे का बघत होतो.

मान वर केली तर आई चपला काढत होती. झाडापासून थोड्या अंतरावर दगडांचा एक गोल ढीग होता, गुडघ्याएवढा, वरून निमुळता. एका बाजूचे दोन-तीन दगड नसल्यामुळे तिथे फट होती. आईने पडलेले दगड वेचले, फट नीट बुजवली, पदराने वरची माती झटकली आणि हात जोडून ढिगाला प्रदक्षिणा घालायला लागली. मला कळलं, तिला तो स्तूप वाटला. कोणीतरी भाविकाने इथे रचून ठेवलेला लहानसा स्तूप. ओमानच्या डोंगरावर! मला हसू आलं, पण मी तिला थांबवलं नाही, कारण आठ महिन्यांत तिने पहिल्यांदाच हात जोडले होते. ओठ मात्र मिटलेले होते.

तेवढ्यात वरून कोणीतरी "ला, ला, ला!", म्हणजे नको नको, असं ओरडत आलं. राखणदार होता, साठीचा, डोक्याला शाल गुंडाळलेली. आई दचकून थांबली. "काहून ओरडते रे हा? माह्यं काही चुकलं का?" राखणदाराने वाकून आईने लावलेले दगड एकेक करून काढले आणि आत बोट दाखवलं. आत वीतभर उंचीचं रोप होतं. ही झाडं सहजी उगवत नाहीत, शेळ्या खातात, म्हणून प्रत्येक रोपाभोवती दगड रचायचे आणि उन्हासाठी एक फट ठेवायची, अशी त्याची पद्धत. आईने नेमकी तीच फट बुजवली होती. मी समजावल्यावर तिने जीभ चावली आणि लगेच खाली बसून त्याच्याबरोबर दगड सारखे करू लागली.

राखणदार शांत झाला. त्याने मला विचारलं, ही कसली प्रार्थना? माझं अरबी साइटवरचं. त्यात गोड बोलायला, लपवायला शब्दच नाहीत. मी म्हणालो, वडील खलास. आठ महिने. त्यानंतर आई प्रार्थना करत नाही. "लेश?" त्याने विचारलं, का? मराठीत मी दहा सबबी सांगितल्या असत्या. अरबीत एवढंच जमलं: आई प्रार्थनेला गेली होती, वडील घरी खलास, मी म्हणालो चूक आईची.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आणि तो बसल्या जागी सावकाश बोलायला लागला. आई मला म्हणाली, "काय म्हन्ते? मले सांग."

मी सांगत गेलो. राखणदाराचे वडील या डोंगरावर शेळ्या राखायचे. एका शुक्रवारी हे खाली मशिदीत गेले होते. परत आले तर वडील त्या तिकडच्या झाडाखाली पडलेले. हे आईजवळ जाऊन रडले, मी नव्हतो म्हणाले. तेव्हा त्यांच्या आईने सांगितलं, तू प्रार्थनेत होतास. त्याहून जवळ आणखी कुठे असणार होतास?

हे शेवटचं वाक्य मराठीत म्हणताना माझा आवाज फाटला. आईने माझ्याकडे सरळ बघितलं.

"थे त्याच्या मायनं म्हटलं. तू काय म्हन्तं?"

मग मात्र पळायला जागा राहिली नाही. मी तिच्यासमोर मातीत बसलो. म्हणालो, आई, तू घरी असतीस तरी बाबा गेलेच असते. मी बोललो ते खोटं होतं. मला माफ कर. असं काहीतरी म्हणालो, नीट आठवत नाही. रडत होतो, तेवढं आठवतं.

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मातीचाच हात. "थ्या दिवशी तुह्या बापानंच धाडलं होतं मले. जा म्हणाले, माह्यापायी वंदना चुकवू नको."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुले राग कोनावर तरी काढाचा होता. माह्यावर काढला. बाहेरच्यावर काढला असता तं त्यानं कायले सोसला असता?"

एवढं बोलून ती पूर्वेकडे तोंड करून बसली आणि म्हणायला लागली. पहिल्या ओळीला आवाज कापला, तिसऱ्या शरणाला मोकळा झाला. मीही मागून म्हणालो. राखणदार थोडा लांब सरकून, शाल सावरून, संपेपर्यंत उभा राहिला. मग जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली म्हणून घाईने उतरून गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

याला कृपा म्हणावं की योगायोग, यावर मी वाद घालणार नाही. डोंगरावर शंभर माणसं भेटू शकली असती, भेटला तो. त्याचे उपकार मानतो, त्याच्या आईचेही. शरण जातो असं मी लहानपणापासून तीन-तीनदा म्हणत आलो होतो, पण आपली बाजू मांडणं थांबवल्याशिवाय ते होत नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

आई गावी गेली. पुढच्या पौर्णिमेला संध्याकाळी मी तिला फोन लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. मी फोन खाली ठेवला आणि खूप दिवसांनी निवांत बसलो. ती विहारात होती.