शाळेत लागलेलं लग्न

“बाय, लगीन कोनाचं हाय?”

काशीचे वडील धर्मादादा शाळेच्या दारात उभे होते. मिठागरावरून थेट आले होते, पायांवरचा चिखल अजून ओला होता. आत माझ्या मुली गॅदरिंगच्या गाण्याची प्रॅक्टिस करत होत्या.

“लग्न कुणाचंच नाही, दादा. गॅदरिंगचा आयटम आहे.”

“लगीन नाय, मंग धवलं कशाला बोलतान पोरी? देव आलं न मांडवच नसला, त त्यांना काय सांगाचं? अशी शाला असल त उद्यापासून काशी नाय येनार.”

त्यांच्या मागे आणखी चारपाच बाप उभे होते. सगळ्यांचं म्हणणं तेच.

साठच्या दशकातली गोष्ट आहे. उरणजवळचं खाडीकाठचं गाव. द्रोणागिरीच्या इमारती आणि गोदामं तिथे फार पुढे आली, तेव्हा नुसती मिठागरं आणि भातशेती होती. माझी पहिलीच नोकरी. शाळेत मी आणि हेडमास्तर, दोघंच. मुलींचा पट, म्हणजे नावं घातलेल्या मुली, इतका कमी की मी घरोघर फिरून एकेक मुलगी मागून आणलेली. त्या गेल्या तर शाळेत मुलगेच उरले असते.

मी वाईची. माझं बालपण गॅदरिंगवर पोसलेलं. वडील शाळेत पेटी वाजवायचे आणि मी पडद्याआडून सगळ्यांची गाणी पाठ करायची. तिसरीत असताना नाचात माझं पाऊल चुकलं, मी एकटीच उलट्या दिशेला फिरले, आणि सगळ्यांत जास्त टाळ्या मलाच पडल्या. त्या टाळ्यांची नशा माझी अजून उतरलेली नाही. माझ्या मुलींनाही ती एकदा मिळावी, एवढीच माझी हौस होती.

त्यात काशीचा आवाज! “तुमच्याकडचं एखादं गाणं म्हण,” म्हटल्यावर तिने धवला म्हटला आणि मी पेटीवरचे हात काढून ऐकतच राहिले. धवले म्हणजे आगरी लग्नात म्हणायची गाणी. त्यांत एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावतात. ती म्हणणारी धवलारीण, लग्नातली भटजीच म्हणा ना. मी उत्साहाच्या भरात आठ मुलींना घेऊन आयटम बसवला. मांडवाशिवाय धवले म्हणत नाहीत, हे वाईच्या पोरीला कोण सांगणार?

“आयटम कट करा,” हेडमास्तर म्हणाले. “डेप्युटीसाहेब येणार आहेत. स्वागतगीत म्हणा आणि मोकळ्या व्हा.”

डेप्युटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. त्यांच्यासमोर हेडमास्तरांना शोभा नको होती. काशी कोपऱ्यात मुसमुसत होती. मी तडक जानकीबायचं घर गाठलं. जानकीबाय गावची धवलारीण. आवाज खणखणीत आणि गावावर जरब अशी की पाटीलसुद्धा तिच्यासमोर विडी विझवायचा. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

“किती दिस बोलतान पोरी?”

“झाले बरेच.”

“मंग देव निंगालं हायेत. आता बंद करून कसा चालल?” ती उठलीच. “लगीन लावायलाच लागल. बाहुलाबाहुलीचा लावू. पन नीट लावाचा. हलदीपासून.”

धर्मादादांना तिने अंगणातूनच हाक मारली. “तू पोरीचा बापूस. मांडवाचा बघ.” दादा काहीतरी बोलू पाहत होते, पण जानकीबायपुढे बोलायची सोय नव्हती.

गॅदरिंगच्या दिवशी शाळेसमोर खराखुरा मांडव होता. आंब्याचे टहाळे, तांदळाच्या पिठाचा चौक, हळद लावलेली चिंध्यांची बाहुली. आदल्या दिवशी शाळेवर रागावलेले बाप डोक्याला फेटे बांधून वऱ्हाडी झाले होते. हेडमास्तर घाम पुसत होते. डेप्युटीसाहेब खुर्चीवर टेकतात न टेकतात, तोच जानकीबायने फर्मान काढलं, “नवरीला मामा नाय. सायेब, तुमी या!” साहेब चष्मा सावरत उठले आणि बाहुली हातात धरून मांडवात उभे राहिले. हसण्याची कुणाची छाती झाली नाही.

मी पेटी पुढे ओढली. “ती ठेव बाजूला,” जानकीबाय म्हणाली. पहिल्या दोन ओळी तिने म्हटल्या, मग काशीच्या पाठीवर हात ठेवून ती गप्प झाली.

काशी गायली. साधी नऊ वर्षांची पोर, पण देवांना अशी बोलावत होती, जणू ते शेजारच्या आळीतच राहतात. बाकीच्या मुली मागून उचलत होत्या, मग बायका, मग सगळा मांडव. आयुष्यात मी पुष्कळ गॅदरिंगं पाहिली, बसवली. असं गाणं पुन्हा ऐकलं नाही. मला रडू आवरेना. साहेबांनाही आवरलं नसावं, कारण अक्षता पडून गेल्यावरही ते बाहुली हातात घेऊन तसेच उभे होते.

टाळ्या मात्र कुणी वाजवल्या नाहीत. लग्नात टाळ्या कोण वाजवतं?

दुसऱ्या दिवशी शाळा भरताना धर्मादादा आले. एका हाताला काशी, दुसऱ्या हाताला तिची धाकटी बहीण. तिला पाठवायची नाही म्हणून त्यांनी मला वर्षभर दारातून परत लावलं होतं.

“हिचाबी नाव घाला, बाय,” ते म्हणाले. “पुढचे सालाला बाहुलीचा भाऊ हाय लग्नाचा. धवलं बोलाया पोरी कमी नको परायला.”

मुलींचा पट कसा वाढवावा यावर खात्याची परिपत्रकं मला पुढे नोकरीभर येत राहिली. बाहुलीच्या भावाचं लग्न हा उपाय त्यांत एकदाही नव्हता.