शालनचं ड्रिल मशीन

शालन गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिचं ड्रिल मशीन उघडून बसलो होतो. सकाळी डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवसांत घरी सोडू. म्हणून मेहुणीला, कमलला, तिच्याजवळ बसवलं आणि मी दोन तासांसाठी गाळ्यात आलो. घरी आल्यावर बायको पहिलं मशीनचंच विचारणार, हे मला माहीत होतं. ड्रिल फिरवणारा कणा, म्हणजे स्पिंडल, बाहेर काढला, तिसऱ्यांदा बेअरिंग बदलायला घेतलं, आणि फोन वाजला. कमल म्हणाली, "दाजी, या." एवढंच. मी हात पुसले, स्पिंडल फडक्यावर ठेवलं आणि निघालो. त्याला आता अडीच महिने झाले; स्पिंडल अजून तिथंच आहे.

आमचा गाळा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत आहे. लेथवर मी, ड्रिलवर ती. एकोणतीस वर्षं. पंपाच्या फ्लँजला, म्हणजे जोडाच्या लोखंडी चकतीला, भोकं पाडायचं काम, एका फ्लँजला सहा. दिवाळीच्या आसपास ती म्हणायला लागली, "अहो, ड्रिल फेकतंय." म्हणजे ड्रिल सरळ फिरत नाही, टोक हलतं, भोक मोठं पडतं. मी पट्टा बदलला. बेअरिंग बदललं, पुन्हा बदललं. मी चालवायचो तेव्हा मला थोडंसंच हललेलं वाटायचं. ती म्हणायची, थोडं नाही. माघात तिच्या हातातून चहाची किटली पडली. मग तपासण्या झाल्या आणि डोक्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "हात कधीपासून कापतो?" मी म्हणालो, "हात नाही साहेब, मशीन हलतंय." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

तेव्हापासून मला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे. मशीन हलत होतं की तिचा हात. हात हलत असेल, तर तीन-चार महिने मी चुकीच्या जागी पाना लावत होतो.

सोमवारी वसाहत बंद असते. तरी मी येतो. रोज दुपारी स्पिंडलशेजारी गोणपाट टाकून पडतो. घरी पडवत नाही. शेजारच्या गाळ्यातले मगदूम एकदा म्हणाले, "घरी जावा की, इथं काय अंडी उबवताय?" त्यांना काय सांगणार. घरी दोन खोल्या आहेत आणि दोन्हींत मीच.

आज पत्रा फार तापला आहे. डोळे जड होतात. पंखा घरघरतो आणि त्या घरघरीत दुसरा एक आवाज मिसळतो. ड्रिल चालू आहे. मी मनात म्हणतो, स्पिंडल तर इथं माझ्या हाताशी आहे, मशीन फिरेल कसं. मान वळवतो. शालन तिच्या स्टुलावर पाठमोरी बसली आहे. केस अडकू नयेत म्हणून डोक्याला रुमाल बांधलेला.

"झोपलात होय?"

"नाही. पडलोय."

"पडा. माझी सहा भोकं राहिल्यात."

मी उठून तिच्याकडे जातो. अंतर चार पावलांचं आहे, पण बराच वेळ चालतो. पायाखाली पांढरी फरशी लागते. फिनेलचा वास येतो. हा दवाखान्याचा वॉर्ड आहे. शालन खाटेवर बसली आहे आणि सलाइनच्या जागी ड्रिल मशीन उभं आहे. कुणाला त्याचं काही वाटत नाही. नर्स येते, ड्रिल पकडून ठेवणारा चक हाताने फिरवून बघते, मान हलवते आणि जाते.

"तिला कळलं," शालन म्हणते. "तुम्हालाच कळंना."

"मी बेअरिंग बदललं की."

"दूध नासलं तरी तुम्ही बेअरिंग बदलाल."

मला हसू येतं. फार दिवसांनी येतं, म्हणून गाल दुखतात.

मी चकात सरळ पिन धरतो. पिनीला डायलचं, म्हणजे हलणं मोजायच्या घड्याळाचं, टोक टेकवतो आणि चक हळूहळू फिरवतो. काटा पुढे जातो, मागे येतो.

"आता चक काढा," ती म्हणते. "अर्धा फेरा फिरवून परत बसवा. खोट चकात असली तर चकाबरोबर फिरेल. नाही फिरली तर वर स्पिंडलात आहे."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. लग्न नवं होतं तेव्हा. जगाला शिकवायचं आणि आपण विसरायचं."

मी चक फिरवून बसवतो आणि काटा बघायला वाकतो. आम्ही घरी आहोत. मशीन ओट्यावर, गॅसच्या शेजारी. शालन किटलीतून चहा ओतते आहे. एक थेंब बाहेर सांडत नाही. मी तिच्या हाताकडेच बघत राहतो.

"एक विचारू?"

"विचारा की. त्यासाठीच तर रोज गोणपाटावर पडताय."

"मशीन हलत होतं, का तुझा हात?"

ती दोन्ही कप भरते. मग म्हणते, "दोन्ही."

"दोन्ही कसं?"

"तुम्हाला एका वेळी एकच बिघाड लागतो. दसऱ्यापासून मशीन हलत होतं. हात नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"मला तरी कुठं कळलं. मशीन हलतच होतं. मला वाटलं, तेच असणार."

मी चहाचा घोट घेतो. चव लागत नाही, नुसती ऊब लागते.

"दसऱ्याला काय झालं?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळते. "खंडेपूजेला तुम्ही चक धुवायला काढून ठेवला होता. मी सगळ्या मशीनना कुंकू लावत आले. लेथला लावलं, ग्राइंडरला लावलं. याचं तोंड उघडं दिसलं. आत बोट घालून लावलं. वर चार अक्षता."

"आत? आत कोण लावतं?"

"बाहेरून सगळेच लावतात."

स्पिंडलच्या तोंडात निमुळती जागा असते. चकाचा दांडा तिथं नुसता दाबून बसतो, त्याला आटे नाहीत. ती जागा कोरडी आणि स्वच्छ लागते. केसाएवढा कण आत राहिला तरी चक तिरका बसतो आणि खाली ड्रिल फेकतं. हे मला झोपेतही माहीत आहे.

"मी तीनदा चक काढला," मी म्हणतो. "दरवेळी दांडा पुसला. आत बोट घालून बघितलं नाही."

"मग घाला आता."

मी हात पुढे करतो. मशीन कुठं आहे ते दिसत नाही, म्हणून ती माझं मनगट धरते. तिचा हात कापतो आहे. बारीक, एकसारखा. बेअरिंग गेलं की हाताला कसं लागतं ते मी डोळे मिटून ओळखतो. हे तसं नाही. हे ओळखायला एकदा तिचा हात हातात धरला असता तरी पुरलं असतं. चार महिन्यांत मी तो धरला नव्हता.

"शालन."

"पुढं. अजून आत," ती म्हणते.

पत्रा कडकन वाजतो. मी गोणपाटावर आहे. ऊन सरकून लेथपर्यंत गेलं आहे. माझ्या उजव्या हाताचं बोट शेजारच्या स्पिंडलच्या तोंडात अडकलं आहे. हळूहळू फिरवून बाहेर काढतो.

बोटाचं टोक लाल आहे. तेलात मुरून काळपट झालेलं, पण कुंकूच. पुन्हा बोट घालतो. आत एका बाजूला तांदळाच्या कणीएवढं काहीतरी घट्ट चिकटलं आहे. नखाला लागतं.

मशीन हलत होतं. ती खरं सांगत होती. हात किती आणि मशीन किती, ते मात्र आता कुठल्याच डायलवर येणार नाही.

पाच वाजता मगदूम खिशात आपल्या कुलपाची किल्ली शोधत आले. मी बोट मुठीत घेतलं.

"सापडली का खोट?"

"सापडली."

"मग जोडा की. उद्या फ्लँज न्यायला माणूस येतोय."

मी हो म्हणालो. आतली जागा पुसायची, स्पिंडल चढवायचं, चक बसवायचा. तासाभराचं काम आहे. मी अजून ते कुंकू पुसलेलं नाही.